सीतादहीची लेक

श्रावणनं ऐन वेचणीत आपल्या शेतातल्या सगळ्या मजूर बाया शिदोरी बांधून त्यांच्या गावी धाडून दिल्या आणि त्याचा कापूस झाडावर लोंबत लोंबत मातीत गेला. झालं ते एवढंच. पण वडनेरहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात जाऊन कोणालाही विचारा, असं काही झालेलं नाही. बाया आल्याच नव्हत्या, तर जातील कुठून? कापूस पडलेला दिसतो, तो वाऱ्यानं. पोलीस पाटलापासून पानठेल्यापर्यंत या बाबतीत गावाचं जे एकमत आहे, तसं नळाच्या पाइपलाइनबद्दलही कधी झालं नव्हतं. गावाच्या एकमताचा मान ठेवायला हवा. तेव्हा काही झालं नाही असंच धरू, आणि श्रावणची बायको जया अजून घरी होती तिथून सुरुवात करू.

पोळा होऊन गेला होता, निंदण आटोपलं होतं, आणि शेतीतलं सगळं आपल्याला कळतं अशी श्रावणची समजूत होती. घरामागं वांगी-मेथीचा तुकडा, त्यापुढं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. भाजी हिंगणघाटच्या बाजारात जायची. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत गावातले मोठमोठे शेतकरी त्याच्या ओसरीवर येऊन बसत, श्रावणभाऊ श्रावणभाऊ करत, चहा पीत. आपल्या शब्दाला गावात वजन आहे असं श्रावणला वाटे. चहा संपला की ते आतल्या दाराकडं तोंड करून विचारत, जयाबाई, टोळी घेऊन आमच्याकडं कधी येता? गावातल्या डझनभर बाया जयाच्या शब्दावर चालत. ती ज्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभी राहील त्याचं काम होई. श्रावणकडं राहत ते उष्टे कप.

बंडूजी हा जयाच्या माहेरचा. नात्यानं लांबचा मामा. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि त्यांतलं एकही चालताना कोणी पाहिलेलं नाही. पोळ्यानंतर तो आला आणि म्हणाला की खाली, दक्षिणेकडं, कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट आहेत, तिथं एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचा असतो. सावलीतलं नाही, पण मानाचं काम आहे, फुलांची लग्नं लावायची. निंदण संपलं, वेचणीला अवकाश आहे, बाया रिकाम्याच बसणार. दसऱ्याला परत.

जयानं गाव कोणतं ते विचारलं. बंडूजी म्हणाला, वडनेरहून मोठ्या रोडनं सरळ खाली. तिनं पुढं विचारलं नाही. परक्या ठेकेदाराला तिनं तालुका, मालक, मालकाच्या बायकोचं नाव, पाणी विहिरीचं की टाकीचं, सगळं विचारलं असतं. पण माहेरच्या माणसाला पत्ता विचारायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं, आणि ती गोष्ट मग माहेरी चार तोंडी जाते. श्रावणनंही विचारलं नाही. बंडूजी त्याला जवाईबापू म्हणत असे. जवाईबापू म्हटलं की श्रावणला फारसे प्रश्न सुचत नसत.

जया टोळी घेऊन त्याच्या गाडीत बसून गेली. दसरा आला. बाया आल्या नाहीत. डझनभर मोबाइल एकाच दिवशी बंद झाले होते ते बंदच राहिले. बंडूजी मात्र फोन उचले आणि अगदी प्रेमानं बोले. दोन-चार दिवस, जवाईबापू. फुलं जरा जास्त निघाली.

मग एक दिवस दुपारी, श्रावण वांग्यात उभा असताना, अनोळखी नंबरवरून जयाचा फोन आला. कोण्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन मागून घेतला होता. ती घाईत आणि हळू बोलत होती. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले. शेडमध्ये ठेवतात, संध्याकाळी बाहेरून कडी लावतात. एकीला ताप आहे, तरी शेतात आणतात. जातो म्हटलं तर म्हणतात की तुमच्या बंडूजीला विचारा, त्यानं तुम्हाला सीझनभरासाठी दिलं आहे.

"कोणतं गाव हाये?" श्रावणनं विचारलं.

"मले काय माहीत. पाट्या वाचता येत नाईत, वेगळंच लिवलं हाये. चारी बाजूनं पऱ्हाटी हाये."

"पऱ्हाटी तं इथं बी हाये."

"अवो, म्हनूनच तं म्हन्तो, काहीच समजून नाई राह्यलं." मग तिनं विचारलं, "आपला फुटला का?"

कापूस फुटायला लागला होता. श्रावण हो म्हणेपर्यंत फोन कटला. नंतर त्याच नंबरवर लावला तेव्हा एका माणसानं अनोळखी भाषेत पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं 'हॅलो' तेवढं श्रावणला कळलं.

तो ठाण्यात गेला. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. बायको सज्ञान आहे? आहे. आपल्या पायानं गाडीत बसली? बसली. फोन आला होता ना? आला होता. मग बेपत्ता कशी म्हणता? बरं, कुठं आहे ते सांगा, तिकडच्या ठाण्याला कळवू. ते माहीत नाही? मग कळवायचं कोणाला? हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यानं श्रावणला बसायला खुर्ची दिली आणि तिचा एक पाय हलतो आहे, जपून बसा, असंही सांगितलं.

इकडं गावाची शेती चालू होती, म्हणजे झाडं आपापलं काम करत होती. वांगी कोणी तोडेना म्हणून पिवळी पडून बियांनी भरली. मेथीला फुलं आली. श्रावणनं एकट्यानं तोडून जेवढी नेली तेवढी नेली. बाजारातली बाई म्हणाली, भाऊ, वांगे आनले का भोपळे?

कापसाचं तर नुसतं दह्यावाचून अडलं होतं. त्या भागात पहिली बोंडं फुटली की वेचणीआधी सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात पाच खडे मांडायचे, कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, फुटल्या बोंडाला दह्याचं बोट लावायचं, आणि घरच्या सवाष्णीनं पहिला कापूस काढायचा. तोवर वेचणीला हात लावायचा नाही. श्रावणची आई शकुंतलाबाई विधवा. तिच्या हातून हे चालत नाही, असं सगळ्यांत ठामपणे तीच म्हणे. शेजारीपाजारी हीच तऱ्हा. ज्यांच्या हातानं चालत होतं त्या खाली कुठं तरी फुलांची लग्नं लावत होत्या, आणि ज्या घरी होत्या त्यांच्या हातानं चालत नव्हतं. दही विरजून विरजून आंबट झालं. कापूस पांढरा होऊन लोंबायला लागला.

शेवटी काही घरच्या पुरुषांनी देवाची माफी मागून स्वतःच वेचायला घेतलं. कापूस वेचणं म्हणजे काय, बायकांचं काम, असं ते जन्मभर म्हणत आले होते. कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधता बांधता त्यांची सकाळ गेली. दुपारपर्यंत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, कंबरा धरल्या, आणि संध्याकाळी गोळा झाला त्यात कापसापेक्षा वाळकी पत्ती जास्त होती. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेऊन बघितला आणि विचारलं की हा गाईसाठी आणला का.

श्रावणनं वेचणी सुरूच केली नाही. सीतादही जयाच्या हातची. ती येईल मग करू. लोक म्हणाले, अरे माती होईल. तो म्हणाला, येईलच ती. असं म्हणत दिवाळी गेली.

दिवाळीनंतर बंडूजी स्वतः येतो आहे अशी खबर आली. गावानं ठरवलं की याला स्टँडवरच्या लिंबाला बांधायचं. कवडू नावाच्या शेतकऱ्यानं, ज्याची सून त्याच टोळीत गेली होती, घरून नवा कोरा दोर आणला. पिकअप आली. बंडूजी उतरला, पेनं सारखी केली, आणि मागचा फाळका खाली सोडला. गाडीतून एकामागून एक बाया उतरल्या. बोचकी, डेचकी, कोणाच्या पाठीला लेकरू. मध्य प्रदेशच्या बाजूच्या होत्या.

"जवाईबापू," बंडूजी म्हणाला, "तुमची एक अडकली तं म्या गाडीभर आनल्या."

मग कवडूनं विचारलं की वेचणी येते का यांना. येते म्हटल्यावर पहिल्यांदा कोणाच्या शेतात, यावरून जी बाचाबाची सुरू झाली ती तासभर चालली, आणि त्या तासात बंडूजीला लिंबाखाली बसवून चहा देण्यात आला. दोर आणलाच होता, तो बोचकी बांधायच्या कामी आला. शेवटी ठरलं की श्रावणकडं भाजीची टिनाची शेड आहे आणि त्याचंच एकही बोंड अजून वेचलं गेलेलं नाही, तेव्हा बाया त्याच्याकडं राहतील आणि सुरुवात त्याच्यापासून होईल. मग कवडू.

जाताना बंडूजीनं श्रावणला बाजूला घेतलं. बायांचे मोबाइल त्याच्या पिशवीत होते, चार्जिंगला. शेडला संध्याकाळी बाहेरून कडी लावत जा, म्हणाला, रानडुकरं फार झाली आहेत. आणि मुख्य गोष्ट शेवटी सांगितली. इथला कापूस झाला की या सगळ्या तो खाली प्लॉटवर नेऊन सोडेल, आणि तिथल्या मालकाचं काम भागलं की जयाची टोळी वर आणेल. यांच्या जागी त्या, त्यांच्या जागी या. एकाच गाडीचं डिझेल.

श्रावणला हे अगदी सरळ वाटलं. त्यानं संध्याकाळी कडी लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. रानडुक्कर काही आलं नाही, त्यावरून कडीचा उपयोग होतो आहे हे उघडच होतं.

आता सीतादही उरकून घ्यायला हवी होती. शकुंतलाबाईनं बायांवरून नजर फिरवली आणि जयवंता नावाच्या बाईला हाक मारली. जयाच्याच वयाची, कपाळावर ठसठशीत कुंकू. बाई सवाष्ण आहे, आपल्या शेतात उभी आहे, तर हिच्याच हातून होऊन जाऊ दे. जयवंतानं सांगितलं तसं सगळं केलं. खड्यांना कुंकू वाहिलं, बोंडाला दही लावलं, पहिला कापूस काढला. काढला तो इतका स्वच्छ की एक काडी नाही. मग पद्धतच आहे म्हणून शकुंतलाबाईनं तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि दिवाळीला जयासाठी आणून ठेवलेला हिरवा खण. तो पेटीत पडून होता.

जयवंता वाकून पाया पडली. भरल्या पदरानं उठली आणि श्रावणकडं वळून तिनं विचारलं, "भैया, ये कौन सा जिला लगता है?"

"वर्धा," श्रावण म्हणाला.

तिनं ते मागचीला सांगितलं, मागचीनं तिच्या मागचीला. वर्धा, वर्धा, असं ते ओळीनं पऱ्हाटीतून शेवटपर्यंत गेलं, घमेलं हातोहात देतात तसं. मग एकीनं तिथूनच विचारलं की आमची शिवनी इथून किती लांब. त्यांना आठ दिवसांसाठी नागपूरजवळ संत्र्याच्या कामाला म्हणून आणलं होतं. त्याला महिना उलटून गेला होता. हे तिसरं शेत होतं. पहिल्या दोन गावांत त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पण तिथल्या शेतकऱ्यांनी सांगितलं की तुम्हाला काय करायचं आहे.

श्रावण धुऱ्यावर जाऊन बसला. बाया वेचत होत्या. त्याचा कापूस, ज्याच्यासाठी त्यानं दसरा-दिवाळी घालवली, भराभर ओट्यांत जात होता, आणि त्याला पाहवत नव्हतं. त्यानं बंडूजीला फोन लावला. विचारायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की या गेल्या तर काय होईल.

"ह्या इथून हलल्या तं त्या तिथून हलत नाई," बंडूजी म्हणाला. आवाज नेहमीसारखाच प्रेमळ होता. "तिथल्या मालकाले बी बाया लागते ना, जवाईबापू. तुमाले नाई का लागत?"

दुपारी शकुंतलाबाई ओसरीत किडकी वांगी निवडत बसली होती. श्रावणनं तिला सगळं सांगितलं. कडीचं, शिवनीचं, अदलाबदलीचं. तिनं एक वांगं चिरलं, आत बघितलं, टाकून दिलं.

"ओटी कोनी भरली?" तिनं विचारलं.

"तूच भरली."

"कोनाच्या शेतात?"

"आपल्याच."

"मंग लेक झाली ते. लेकीले बाहेरून कडी लावते का रे कोनी?"

"माय, ह्या गेल्या तं जया येत नाई."

शकुंतलाबाईनं विळी बाजूला सारली. श्रावणला वाटलं, आता ती म्हणेल की राहू दे मग, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. तिनं तसं म्हणावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं मनात उत्तरही तयार ठेवलं होतं: तू म्हणतेस तर ठीक आहे.

"जयाची ओटी तिथं कोनी भरली असंन का?" ती म्हणाली.

त्याचं उत्तर श्रावणनं तयार ठेवलं नव्हतं. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पोळ्यांची कणीक भिजवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी निघाली. पुढं शकुंतलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन, मागं जयवंता ओटी सांभाळत, मग बाकीच्या बाया, लेकरं, शिदोऱ्या, आणि सगळ्यांत शेवटी श्रावण, डोक्यावर दोन बोचकी. स्टँडवर कवडू आणि चार-पाच जण रस्ता अडवून उभे होते. कवडू म्हणाला की हे बरोबर नाही, उद्या त्याचा नंबर होता. त्याची सूनसुद्धा खालीच आहे, तिचं काय? सगळ्या गावाच्या बाया तू एकटा बुडवून राह्यला, श्रावण.

हे खोटं नव्हतं. शकुंतलाबाई पुढं झाली आणि तिनं कवडूला सांगितलं की बाजूला हो, लेकी सासरी चालल्या आहेत.

आता लेकीच्या पाठवणीला आडवं कसं यायचं, याची गावातल्या पुरुषांना सवय नव्हती. अशा वेळी काय करायचं ते त्यांचे हातपाय त्यांना न विचारता करत होते. ते बाजूला झाले. एकानं तर श्रावणच्या डोक्यावरचं एक बोचकं उतरवून घेतलं आणि वडनेरपर्यंत शिव्या देत देत उचलून नेलं. कवडूही मागून आला. त्याचे डोळे लाल होते, आणि लग्नात मुलीकडच्यांचे असतात तसेच ते दिसत असल्यामुळं कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

वडनेरला मोठ्या रोडवर नागपूरची बस मिळाली. तिथून पुढं शिवनीपर्यंत हाच रोड, एक वळण नाही. कंडक्टरनं विचारलं, वऱ्हाड का? श्रावणनं हो म्हटलं. बस वर गेली. त्याच रोडनं खाली बघत श्रावण थोडा वेळ उभा राहिला. ट्रक येत होते, जात होते.

तिथूनच तो ठाण्यात गेला आणि म्हणाला की बंडूजीनं बाया फसवून आणल्या, मी त्यांना कडी लावून ठेवलं, माझंही नाव लिहा, पण माझी बायको शोधा. हवालदारानं विचारलं की बाया कुठं आहेत. पाठवून दिल्या, म्हणाला. मग तक्रार कोण देणार? फिर्यादी लागतो, भाऊ. बाया असत्या तर श्रावण आरोपी होता. बाया गेल्या, तेव्हा काही झालेलंच नव्हतं. हवालदारानं त्याला सल्ला दिला की उगाच स्वतःवर ओढवून घेऊ नका, आणि गावात एक शिपाई पाठवून विचारपूसही केली. शिपायाला प्रत्येक घरी चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं. कोणाच्या बाया? कसल्या बाया?

बंडूजीचा फोन आता लागत नाही. कापसाला जास्त वाट बघता येत नाही, तो पडला. वांग्यांत डुकरं येऊन गेली, खरीच आली. जयवंतानं घरी पोचल्यावर कोणाच्या तरी फोनवरून शकुंतलाबाईला 'अम्मा, पहुँच गए' एवढं कळवलं. कवडू श्रावणकडं बघत नाही, पण त्याच्या ओसरीवर येऊन बसतो. चहा पितो. आतल्या दाराकडं तोंड करत नाही.

गेल्या सोमवारी श्रावण वर्ध्याला कलेक्टर कचेरीत जाऊन अर्ज देऊन आला. खिडकीतल्या माणसानं पत्ता बघितला आणि म्हणाला की हा आमच्याकडं येत नाही. कोणाकडं येतो, ते त्यालाही सांगता आलं नाही. पण शिक्का मारून दिला. अर्ज असा:

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा : माहीत नाही (वडनेरहून मोठ्या रोडने सरळ खाली).

विषय : आपल्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या आईस ओटी भरण्याचे आदेश होणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपल्या जिल्ह्यात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट असलेला एक शेतकरी आहे. त्याचे नाव, गाव व तालुका अर्जदारास अवगत नाही. त्याच्या शेडमध्ये अर्जदाराची पत्नी सौ. जया व गावातील इतर महिला असून शेडला बाहेरून कडी आहे. तरी सदर शेतकऱ्याच्या आईस आपल्या स्तरावरून लेखी कळविण्यात यावे की, तिने अर्जदाराच्या पत्नीची ओटी भरावी. नारळ व खण अर्जदार स्वतः आणून देईल. पुढील कार्यवाही सदर आई आपोआप करेल, त्याकरिता वेगळ्या आदेशाची आवश्यकता नाही. सदर शेतकऱ्यास आई नसल्यास शासनाने ती हंगाम संपण्यापूर्वी तात्काळ उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.